गवे मी पळवले

आमच्या वर्गाची सहल नवेगावच्या राष्ट्रीय उद्यानात गेली होती आणि पाण्यावर आलेले गवे मी ओरडून पळवून लावले, ही गोष्ट खरी आहे. आमच्याकडे अजून दोन-चार म्हातारे-म्हाताऱ्या असे आहेत की लग्नात-मयतीत भेटले की विचारतात, "काय व पार्बता, गवे पळवून राहिली का अजून?" आणि खो खो हसतात. मीही हसते. पण त्यांना गोष्ट अर्धीच माहीत आहे. सहलीहून परत आल्यावर माझ्या घरात काय झालं ते कुणाला माहीत नाही, कारण तिथे माय, बाबा आणि मी एवढेच होतो. त्यातली मी एकटी उरले आहे. म्हणून उरलेली अर्धी गोष्ट लिहून ठेवते, कुणाला पटो न पटो.

आम्ही ढिवर. तळ्यातली मासोळी आणि जंगलातला कोसा, ह्या दोहोंवर आमचं घर चालायचं. आंधळगावाकडचे विणकर ज्या कोशाच्या रेशमाचं लुगडं विणतात, तो काही बोरासारखा झाडाला लागत नाही. हे भल्या भल्या शिकलेल्या लोकांना ठाऊक नसतं, आणि मी सांगितलं की ते माझ्याकडे अशा नजरेने बघतात जशी काही मीच थापा मारते आहे. जंगलात येनाच्या झाडांवर किडे सोडावे लागतात. येन म्हणजे पुस्तकातला ऐन. ते किडे पानं खाऊन खाऊन बोटाएवढे जाड आणि हिरवेगार होतात, आणि मग स्वतःभोवती कोसा विणून आत बसतात. तोवर महिना-सव्वा महिना त्यांना डोळ्यांत तेल घालून राखावं लागतं. एवढा मऊ, लठ्ठ आणि पळता न येणारा घास पाखरांना दुसरीकडे कुठे मिळणार? कावळे येतात, भारद्वाज येतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती लांब शेपटीची टकाचोर पाखरं. ती जोडीने येतात, आणि तुमचं लक्ष एकीकडे असताना दुसरीकडून फांदी साफ करून जातात.

किडे झाडावर असले की बाबा जंगलातच मांडव घालून राहायचे. दाढी करायची नाही, चप्पल घालायची नाही, खोटं बोलायचं नाही, मास-मासोळीला शिवायचं नाही. आणि हा नेम एकट्या बाबांचा नव्हे, घरी आमचाही. ढिवराच्या घरात महिनाभर मासोळी नाही! माय रोज लाखोरीची डाळ शिजवायची, कधी त्यात माठाची भाजी घालायची, आणि तळ्याकडून वारा आला की मी आणि ती एकमेकींकडे बघायचो. कोसे उतरवून बाबा घरी आले की त्याच संध्याकाळी सुक्या झिंग्यांची चटणी पाट्यावर वाटली जायची. तो वास आला म्हणजे पीक हाती आलं. आज माझ्या सुनेला तो वास सहन होत नाही, खिडक्या उघडते बिचारी. उघड म्हणते मी.

घरात पोरगा नव्हता. त्यामुळे सातव्या वर्षापासून बाबांबरोबर राखणीला मी जायचे. हातात गुलेल, कमरेला मातीच्या गोळ्यांची पिशवी. पण गुलेलीपेक्षा मोठं हत्यार म्हणजे हाक. "हाऽऽ हुऱ्या! हुऱ्या हुऱ्या!" ती गळ्यातून काढली तर तासाभरात आवाज बसतो. बेंबीच्या देठापासून काढावी लागते, आणि विचार करून काढली तर उशीर होतो. बाबा सांगायचे, "पाखरू बसाच्या आंधी तोंड उघडलं पायजे. बसल्यावर ओरडून का फायदा? घास गेला ना मंग." पाच वर्षं मी हे केलं. हजारो किडे एकदम पान खातात तेव्हा झाडाखाली बारीक पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. त्या आवाजात मी दुपारी झोपायचे, आणि झोपेतसुद्धा पंखांची फडफड ऐकू आली की उठून ओरडायचे, मग पुन्हा झोपायचे.

मग मी शहाणी झाले, पाळी आली. त्या आठवड्यातच मायने सांगितलं, "आता तुले कोशाच्या जागेत पाय ठेवता येत नाही. बाईची सावली पडली तं किडे मरतात." मी विचारलं, "मांगच्या महिन्यात नाई मेले, आता काहून मरतीन?" एक थापड बसली. थापड म्हणजे उत्तर नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं. बाबांना विचारलं तर ते दुसरीकडे बघू लागले. पाच वर्षं ज्यांच्या शेजारी बसून पाखरं हाकलली, त्या माणसाला माझ्याकडे बघवेना, ह्याचा मला इतका राग आला की मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, जंगल नाही तर सातवीच्या पुढची शाळा तरी द्या.

बाबांनी शाळा दिली, पण अट घालून. बाबा पगारदार माणसाला फार भ्यायचे. तलाठी असो, फॉरेस्टचा शिपाई असो की मास्तर, पायजमा इस्त्रीचा दिसला की बाबांचे हात आपोआप जोडले जायचे. ते म्हणाले, "शिक. पन एक जरी गाऱ्हानं शाळेतून माह्या घरी आलं, तं त्या दिवशी शाळा बंद. मले त्या लोकाईसमोर उभं राहाची ताकद नाही." आणि शाळा बंद झाल्यावर काय, तेही ठरलेलं होतं. तुमसरला राइस मिलमध्ये कामाला असलेला एक मुलगा आत्याने बघून ठेवला होता. आत्या आली की माझ्या खांद्याची उंची हाताने मोजायची. मी आठवीत होते.

शाळेचं नाव मी लिहीत नाही. सरांचंही नाही, त्यांची नातवंडं आहेत. आणि ते काही राक्षस नव्हते. त्यांना जनावरांचं मोठं वेड. कॅलेंडरवरची वाघ-हरणांची चित्रं कापून त्यांनी वर्गाच्या भिंतीवर चिकटवली होती. बिचाऱ्यांनी आयुष्यात एकही गवा पाहिला नव्हता. सहल काढायला ते दोन वर्षं धडपडत होते, आणि निघताना कुणाकडून तरी मागून आणलेला कॅमेरा गळ्यात घालून आले होते. तो ते सारखे शर्टाच्या टोकाने पुसत होते. मला पार्बता न म्हणता पार्वती म्हणायचे, एवढीच त्यांच्याविरुद्ध माझी जुनी तक्रार.

नवेगाव तेव्हा आमच्याच भंडारा जिल्ह्यात होतं. पहाटे एसटी निघाली. पोरी गात होत्या, आणि मी मात्र खिडकीला नाक लावून बसले होते. इतर पोरींना वाघ बघायचा होता. मला जंगलात जायचं होतं, बस! ज्यात पाय ठेवायला मला घरून बंदी, त्यात मी शाळेच्या नावाने, रांगेत उभी राहून, सरांच्या परवानगीने शिरणार होते. माझी मैत्रीण कुसुम म्हणाली, "कायले येवढी हसून राहिली व एकटीच?" मी म्हटलं, "काही नाही." मायने बांधून दिलेली तांदळाची भाकर आणि जवसाची चटणी आम्ही दोघींनी सकाळी नवाच्या आतच संपवून टाकली.

वाट दाखवायला एक म्हातारा वनरक्षक होता. त्याने आम्हाला तळ्याच्या एका बाजूला, झुडपांच्या आडोशाला नेऊन बसवलं. हवेत थंडी होती, उन्हाचे कवडसे पडले होते. सर कुजबुजले, "आता जो आवाज करील त्याला मी सोडणार नाही." अर्धा तास गेला. पायाला मुंग्या आल्या. आणि मग समोरच्या बांबूतून गवे आले. आधी एक, मग चार, मग मोजता येईनात. काळेभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे, आणि एवढे मोठे असूनही पाऊल वाजत नव्हतं. एक तांबूस वासरू आईच्या पोटाखालून डोकं काढत होतं. खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मी पाहिलं. त्यांनी हळूच कॅमेरा डोळ्याला लावला.

आणि माझी नजर वर गेली. माझ्या डोक्यावर येनाचं झाड होतं. खालच्या फांदीवर, पानाच्या पाठीला, दोन किडे लटकलेले. कुणी न सोडलेले, रानातले, पण आमच्यासारखेच हिरवे, लठ्ठ, आज-उद्या कोसा विणायच्या बेतातले. वर्षभराने मी किडा पाहत होते. आणि मला पंखांची फडफड ऐकू आली. लांब शेपटी दिसली.

मी विचार केला नाही. आधीच सांगितलं ना, विचार केला तर उशीर होतो. "हाऽऽ हुऱ्या! हुऱ्या हुऱ्या!" मी उभी राहून, दोन्ही हात वर करून, बेंबीच्या देठापासून ओरडले. पाखरं उडाली. तळ्यावरचे बगळे उडाले. गवे असे उधळले की जमीन हादरली, बांबू कडाकड मोडत गेले. सर दचकून मागे सरले आणि चिखलात बसले. कॅमेरा त्यांनी हातात उंच धरून वाचवला, पण त्यात निघाला असेल तर आभाळाचा फोटो.

मग पोरी हसल्या, आणि ते हसणं सरांना चिखलापेक्षा जास्त लागलं. म्हातारा वनरक्षक वर फांदीकडे बघत होता. त्याने मला हळूच विचारलं, "कोसेवाल्याची पोर होय का तू?" मी मान हलवली. तो सरांना म्हणाला, "जाऊ द्या सायेब, तिची सवय आहे ते. राखन करनारी पोर आहे." सर चिखल झटकत म्हणाले, "सवय? जंगली पोरीला जंगलात आणलं, हीच माझी चूक झाली."

ओरडल्याची माफी मी मागायला तयार होते. आजही आहे. ते वासरू आईपासून चुकलं तर नसेल ना, ह्या विचाराने मला कित्येक दिवस वाईट वाटलं. मी म्हटलं, "सर, चूक झाली, मी ओरडायला नको होतं." पण सरांचं तेवढ्यावर भागेना. त्यांनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि मला मध्ये. म्हणाले, "म्हण, मी जंगली आहे, मला माणसांत कसं वागावं ते कळत नाही. तीन वेळा म्हण." मी म्हटलं, "चूक झाली." "ते नाही. मी सांगतो ते." सर एक पाऊल पुढे आले. "नाही म्हणणार तर मी तुझ्या घरी चिठ्ठी पाठवीन."

आता बघा. चिठ्ठी म्हणजे गाऱ्हाणं. गाऱ्हाणं म्हणजे शाळा बंद. शाळा बंद म्हणजे तुमसरची राइस मिल. कुसुमला हे सगळं माहीत होतं. ती मागून कुजबुजली, "म्हनून टाक ना व, तोंडाचीच तं गोष्ट आहे! काय झिजते तुयं?" तिचं चुकलं नव्हतं. माझ्या भल्यासाठीच सांगत होती. पण मला डोळ्यांसमोर बाबा दिसत होते. मांडवात, वाढलेल्या दाढीचे, अनवाणी. महिनाभर खोटं न बोलणारा माणूस. तो जंगली, आणि मी त्याची पोर म्हणून जंगली, आणि हे मी माझ्याच तोंडाने तीनदा म्हणायचं? मी म्हटलं, "मी नाई म्हनत." "काय?" "नाई म्हनत, सर. चिठ्ठी द्या."

उरलेला दिवस मी एसटीत बसून काढला. ड्रायव्हरने मला दोन बोरं दिली आणि काही विचारलं नाही, चांगला माणूस. परतीच्या वाटेवर सरांनी वहीचा कागद फाडून त्यावर लिहिलं आणि घडी घालून माझ्या हातात ठेवलं. "सोमवारी वडिलांचा अंगठा घेऊन ये. आणि प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर ते वाक्य म्हण. नाहीतर येऊ नको."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. संध्याकाळी बाबा अंगणात जाळं सांधत बसले होते. त्याच आठवड्यात कोसे उतरवून आले होते. दाढी काढल्याने चेहरा अर्धा पांढरा दिसत होता. माय चुलीपाशी होती. मी चिठ्ठी पुढे केली. बाबांनी ती हातात घेतली, उलटी धरली, आणि मला परत दिली. "वाच."

इथे मी थोडी थांबते. बाबांना एक अक्षर येत नव्हतं, मायलाही नाही. मी 'आपली मुलगी हुशार आहे, तिला पुढे शिकवा' असं वाचलं असतं तर बाबांनी मान डोलावली असती आणि आनंदाने अंगठा दिला असता. रात्रभर मी हाच विचार केला होता. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती, अगदी सरांच्या तोंडची शोभतील अशी. माझी शाळा वाचवायला एवढंसं खोटं पुरे होतं. पण ज्या शिक्षणाचा पहिला उपयोग आपल्या अडाणी बापाला फसवायला करायचा, ते शिक्षण घेऊन मी काय चुलीत घालू? मी चिठ्ठी उघडली आणि जशी होती तशी वाचली. आपली मुलगी जंगली आहे. तिला माणसांत कसं वागावं याचं वळण नाही. घरी जे शिकवलं जातं तेच मुलं बाहेर करतात. सगळं. एकही शब्द गाळला नाही, आणि सोमवारी सगळ्या शाळेसमोर काय म्हणायचं तेही सांगितलं.

मायने पळी खाली ठेवली. बाबांची सुई थांबली. "ओरडली, खरं आहे का?"

"खरं आहे."

"काहून?"

"येनावर किडे होते, बाबा. पाखरं आली."

"कोनतं पाखरू?"

"लांब शेपटीचं. जोडी होती."

बाबांनी जाळ्याची एक गाठ ओढून घट्ट केली. मग म्हणाले, "किती किडे?"

"दोन दिसले."

"वाचले का?"

"वाचले."

"हं," बाबा म्हणाले. मग त्यांनी हात पुढे केला. "ते जंगली कोठं लिवलं आहे, दाखव." मी बोट ठेवलं. त्यांनी वाकून, डोळे बारीक करून तो शब्द पाहिला. मला वाटलं, आता ते चिठ्ठी ठेवून देतील आणि आत्याला निरोप धाडतील. ते म्हणाले, "वही आन. लिव."

"काय लिवू?"

"मी सांगतो तसं लिव. तुह्या शाळेचं शुद्ध-बिद्ध नको करू त्यात."

आणि ज्या माणसाचे इस्त्रीचा पायजमा पाहून हात जुळायचे, तो माणूस जाळ्याची सुई हातात धरून सांगत गेला आणि मी लिहीत गेले. 'सर, रामराम. पोरगी ओरडली ते मी शिकवलं. तुमचं जनावर पळालं त्याची माफी मी मांगतो. पन सोताले जंगली पोरगी म्हननार नाही. जंगलात राहून मी पोट भरतो, चोरी नाही करत. तिले वर्गात घ्या. नाही घ्याल तं मी रोज येऊन शाळेच्या फाटकात बसीन. कोशाचा हंगाम सरला आहे, मले काम नाही. आन दिवसभर एका जागी बसून राखन कराची मले सवय आहे.' मायने तव्याच्या बुडाची काजळी तेलात कालवून दिली. बाबांनी अंगठा इतका दाबला की तो मागच्या पानावर उमटला. "तुही माय म्हनते ते खरं," बाबा मायकडे बघत म्हणाले, "हे पोरगी हेकड आहे." माय म्हणाली, "मी कवा म्हटलं? तुमच्यावर गेली आहे." आणि पळी उचलून परत डाळ ढवळू लागली. तिच्या आवाजात मला जे ऐकू आलं त्याला मी आजवर नाव देऊ शकले नाही. पण त्या रात्री तिने माझ्या ताटात डाळीवर तेल जास्त घातलं.

सोमवारी बाबा माझ्याबरोबर आले. मी नको नको म्हणत होते. ते आत आले नाहीत. जाळं घेऊन आले होते, फाटकाजवळ सावली बघून बसले आणि सांधू लागले. येणारी-जाणारी पोरं त्यांच्याकडे बघत होती. प्रार्थना झाली. सरांनी मला पुढे बोलावलं. सगळी शाळा रांगेत उभी होती आणि सहलीची हकिगत एव्हाना पहिलीच्या पोरांपर्यंत पोहोचलेली होती. "म्हण," सर म्हणाले.

मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी बाबांची ती चिठ्ठी घेतली, वाचली, फाटकाकडे पाहिलं, आणि परत पहिल्यापासून वाचली. त्यांचे कान लाल झाले होते. काळा अंगठा त्यांच्या बोटाला लागला तो त्यांनी रुमालाला पुसला.

"हे कोणी लिहिलं?"

"माझ्या बाबांनी."

"खोटं बोलू नकोस. तुझ्या वडिलांना लिहिता येतं?"

"त्यांना नाही येत," मी म्हटलं, सगळ्या शाळेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "मले येते."

आणि ते 'जा' म्हणायची वाट न बघता मी वर्गात जाऊन बसले.